उन्हाळ्यातली द्राक्षबाग

शाळेत असताना दर वर्षी जून महिन्यात मराठीच्या तासाला एकच निबंध लिहावा लागे : 'मी सुट्टी कशी घालवली?' वर्गातल्या साऱ्या मुली मामाच्या गावी जाऊन आलेल्या असत. मला मामा नाही. मावशी आहे, आणि ती नाशिक जिल्ह्यात दिंडोरी तालुक्यात, द्राक्षांच्या मुलखात दिली आहे. त्यामुळे मी लिही, 'मी सुट्टीत मावशीकडे द्राक्षे खायला गेले होते.' हे वाक्य दर वर्षी खोटे असे. तिसरीपासून आजवर जवळजवळ सारे उन्हाळे मी त्या बागेत काढले, पण वेलीवर पिकलेला घड मी तेथे एकदाही पाहिलेला नाही. द्राक्षे उतरतात जानेवारी ते मार्चमध्ये. आमच्या परीक्षा संपेपर्यंत बाग रिकामी झालेली असते. त्या वाक्यातले दुसरे खोटे याहून मोठे होते. आम्ही तेथे द्राक्षे खायला जातच नव्हतो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. निदान येथे तरी तो निबंध एकदा खरा लिहावा, असे ठरवून बसले आहे.

आमचे घोडेगाव नेवासे तालुक्यात, नगरहून संभाजीनगरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर आहे. शनिशिंगणापूरला जाणारे भाविक आमच्या गावाहून आत वळतात, म्हणून बाहेरच्यांना गावाचे नाव ठाऊक असते. आम्हाला मात्र गाव म्हणजे कांद्याचा बाजार. माझे वडील, आम्ही त्यांना तात्या म्हणतो, त्या बाजारात हमाली करतात. आई कांदा निवडायला जाते. मार्च उलटला की उन्हाळ कांदा सुरू होतो. ट्रकांच्या रांगा लागतात, गोण्या उचलून हमालांचे खांदे सोलून निघतात, आणि वर्षात कधी नसतो एवढा पैसा हातात खेळतो. तात्यांच्या हातात पैसा आला की तो घरी येईपर्यंत टिकत नसे. म्हणजे ज्या दिवसांत आमच्या घरी चार पैसे जास्त यायला हवेत, त्याच दिवसांत तात्या सर्वांत जास्त पीत.

संध्याकाळी आई मला ओट्यावर बसवी. माझे काम एकच. तात्या वळणावर दिसले की ते कसे चालताहेत ते बघायचे आणि आत येऊन सांगायचे. सरळ येत असले तर आई भाकरी तव्यावर टाकी. नसले तर धाकट्या भावाला उचलून शेजारी नेऊन ठेवी. सात-आठ वर्षांच्या मुलीला माणसाची चाल वाचता येते, हे कोणाला खरे वाटणार नाही. मला अक्षरे वाचता येऊ लागली त्याच सुमारास तीही येऊ लागली.

2015 च्या एप्रिलमध्ये, तिसरीची परीक्षा झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी, आईने एक गाठोडे बांधले आणि आम्हा दोघांना घेऊन ती एस. टी.त बसली. सोनई, राहुरी, मग शिर्डी, सिन्नर, नाशिक आणि तेथून दिंडोरी. पोचेपर्यंत दिवस मावळला. मावशीने काही विचारले नाही. भाताचे पातेले मोठे चढवले एवढेच. दुसऱ्या दिवशी सकाळी आई काकांच्या बागेत बायकांबरोबर कामाला उभी राहिली. काका तिला इतर बायकांसारखीच रोजची मजुरी देत, आणि ती ती घेई. पाहुणी म्हणून दीड महिना राहणे तिला जमले नसते. तेव्हापासून दर उन्हाळ्याला आम्ही जाऊ लागलो.

पहिल्या दिवशी बाग पाहून मला रडू आले होते. मावशीने द्राक्षांची बाग म्हटली होती, आणि समोर तारांवर ताणलेली तपकिरी लाकडे उभी! एप्रिलमध्ये खरड छाटणी होते. वर्षभराच्या साऱ्या काड्या कापून वेल ओलांड्यापर्यंत बोडका करतात. बायका कापलेल्या काड्या गोळा करून बांधावर टाकतात. पण पंधरा दिवस गेले की त्या लाकडातून पोपटी फूट निघते, आणि मे महिन्यात, घोडेगावला सारे करपून गेलेले असताना, तेथे ओळींमधून चालले तर डोळ्यांना गारवा वाटतो. मग फुटींची विरळणी, शेंडे मारणे, काड्या तारेला बांधणे. आईचा हात या कामात फार लवकर बसला.

मी सहावीत असताना काकांनी मला एक डोळा नखाने उकलून दाखवला होता. ते म्हणाले, "थंड मुलखात हिवाळ्यात वेल झोपतो. आपल्याकडे त्याला झोप नाही, म्हणून दोनदा छाटावा लागतो. पाऊस सरताना जी छाटणी करतो ती फळाची. पण फळ येणार का नाही, हे आत्ता उन्हाळ्यातच ठरतं. काडीच्या या डोळ्यात घड आत्ता तयार होतो. पुढं कितीही खत घाला, इथं नसला तर नाही." त्या इवल्या डोळ्यात मला काहीच दिसले नाही. काकांच्या शब्दावर विश्वास ठेवला.

काकांची बाग तीन एकर. त्यांतले दोन एकर थॉम्पसनचे, खायच्या द्राक्षांचे. तिसरा एकर ओढ्याकडेचा. त्याच्याविषयी घरात फारसे बोलणे होत नसे. तो शिराझचा होता. बारीक मणी, जाड साल, आत बी. खायला कोणी घेणार नाही. ती द्राक्षे वाईनच्या कारखान्याला जात.

हे मला नीट उमगले ते कॉलेजात आल्यावर, अर्थशास्त्राच्या तासाला. नाशिकजवळ गंगापूर धरणाच्या बाजूला 'सुला'ची पहिली वाईन 2000 साली निघाली. 2001 साली राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले, वाईनला अबकारी करात सवलत दिली, आणि निफाड तालुक्यात विंचूरला वाईन पार्क उभे राहिले. शेतकऱ्यांनी भराभर वाईनच्या जाती लावल्या. मग 2008-09 ची मंदी आली. वाईन खपेना, टाक्या भरलेल्या राहिल्या, आणि अनेकांनी त्या वेली मुळासकट उपटल्या. काकांच्या शेजाऱ्यानेही उपटल्या. काकांनी तो एक एकर ठेवला. ते म्हणतात, खायच्या द्राक्षाला मणी फुगवा, रंग सांभाळा, आणि ऐन काढणीला अवकाळी पाऊस आला की मणी तडकून सारे मातीत. शिराझला रूप लागत नाही, गोडी लागते. ती यंत्रावर मोजतात आणि आधी ठरलेला भाव देतात. थॉम्पसनने दगा दिला त्या वर्षी घर चालले ते त्या एका एकरावर.

आईला हे ठाऊक नव्हते, की ठाऊक असून तिने विचारले नव्हते, ते मला आजही सांगता येणार नाही.

2020 आणि 2021 हे दोन उन्हाळे आम्हाला मावशीकडे जाता आले नाही. टाळेबंदी होती. 2020 च्या मार्चअखेरीस सारे बंद झाले, त्यांत दारूची दुकानेही. पहिले काही दिवस तात्यांचे हात थरथरत. रात्री झोप नसे. मग ते हळूहळू माणसात आले. भावाला त्यांनी ओट्यावर बसून भोवरा फिरवायला शिकवला. मला पाढे विचारले, आणि एकोणतीसच्या पाढ्यात त्यांनी माझी चूक काढली. तात्या चौथीपर्यंत शिकलेले आहेत, हे मला तोवर माहीत नव्हते. साधारण चाळीस दिवस आमच्या घरात बाप होता. मे महिन्यात दुकाने उघडली. त्यापुढचे मी लिहीत नाही.

2022 च्या जानेवारीत, मी दहावीत असताना, मोठ्या दुकानांतून वाईन विकायला परवानगी द्यायचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला. आपल्याच जिल्ह्यातल्या राळेगणसिद्धीहून अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला, आणि पुढे ग्रामसभेच्या विनंतीवरून ते स्थगित केले. आईला वाचता येत नाही. ती रोज शेजारचे वर्तमानपत्र आणवून माझ्याकडून सारे वाचून घेई. आडव्या बाटलीला मते देऊन बायकांनी गावातले दुकान बंद पाडल्याची बातमी आली, तर ती दोनदा वाचायला लावी.

त्या उन्हाळ्यात मावशीकडे पोचलो त्याच रात्री आईने विचारले, "तुझ्या वढ्याकडच्या द्राक्षांची दारू करत्यात?"

मावशी म्हणाली, "वाईन करतात."

"म्हंजे दारूच ना?"

मावशी बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "आक्का, ज्या घरात तू दर साल येऊन निवांत निजतीस, त्याचे पत्रे त्याच एकराचे आहेत. तुझी मजुरीबी त्यातूनच निघती. सांग, उपटून टाकू?"

आई त्या रात्री जेवली नाही. मला वाटले, आता सकाळी गाठोडे बांधणार. सकाळी उठले तर ती बागेत होती. थॉम्पसनच्या ओळी सोडून ओढ्याकडच्या एकरात एकटीच फुटी विरळत होती. का, ते तिने सांगितले नाही. दोघी बहिणींनी तो विषय पुन्हा काढला नाही.

गेल्या वर्षी आमच्या कॉलेजात वादविवाद स्पर्धा ठेवली होती. विषय होता, 'वाईन उद्योग शेतकऱ्याच्या हिताचा आहे'. मी नाव दिले. सरांनी विचारले, "बाजूने की विरुद्ध?" मी दोन दिवस मागून घेतले, आणि तिसऱ्या दिवशी नाव काढून घेतले. मैत्रिणी म्हणाल्या, घाबरली. त्यांना काय सांगणार? बाजूने बोलायला उभी राहिले असते तर आई दिसली असती, आणि विरुद्ध बोलायला लागले असते तर मावशी.

तात्यांनी दोनदा सोडली आणि दोनदा धरली. 2023 च्या पोळ्यापासून मात्र त्यांनी शिवलेली नाही. आम्ही हे कोणाजवळ मोठ्याने बोलत नाही. 2025 च्या उन्हाळ्यात आई गाठोडे बांधू लागली तेव्हा ते दारात उभे राहून म्हणाले, "मी येऊ का?" कांद्याचा बाजार ऐन भरात असताना तात्या मजुरी सोडून आमच्याबरोबर आले. काकांनी त्यांना काड्या बांधायला दिल्या. गोण्या उचलणारे ते हात, त्यांना सुतळीची नाजूक गाठ येईना. आईने शिकवली.

मावशीचा मुलगा, आमचा दादा, नाशिकजवळच्या एका वाईनच्या कारखान्यात पाहुण्यांना कारखाना दाखवायच्या कामावर आहे. "मावशी, एकदा बघून तरी घे," असे तो आईला कितीदा म्हणाला होता. त्या वर्षी ती हो म्हणाली. आम्ही सारे गेलो. फाटकाशी तात्या थांबले. "तुम्ही जा. मी हितं बसतो," म्हणाले, आणि आमच्या पिशव्या घेऊन लिंबाखाली बसले.

आत पोलादाच्या उंचच उंच टाक्या होत्या, आणि गारठा. दादा सांगत होता : काळ्या द्राक्षाचाही रस पांढराच असतो, रंग सालीतून उतरतो. यीस्ट साखर खाते, तिची दारू होते. शंभरात बारा-चौदा भाग. मुंबई-पुण्याकडची माणसे होती. ती पेला नाकाशी धरीत, गोल फिरवीत. एकवीस वर्षांखालच्यांना चाखायला देत नाहीत, त्यामुळे मला तो प्रश्नच नव्हता. एक बाई मैत्रिणीला म्हणाली, "आम्ही दर उन्हाळ्यात येतो. इथे आले की घरचे सगळे विसरायला होते." मी चमकून आईकडे पाहिले. आईनेही ऐकले होते.

दादाने विचारले, "मावशी, काही विचारायचे आहे?"

आई म्हणाली, "हे पिऊन मानूस घरी कसा येतो रे?"

टाकीत किती अंश तपमान ठेवतात इथपासून सारे ज्याला पाठ होते, तो दादा गप्प झाला. मग म्हणाला, "ते ज्याच्या-त्याच्यावर असते, मावशी."

"त्याच्या घरच्यांना इचार," आई म्हणाली आणि बाहेर आली.

तात्या लिंबाखाली तसेच बसून होते. दोन तास झाले असतील. त्यांनी मला हळूच विचारले, "आत वास कसा व्हता?"

मी म्हटले, "आंबलेल्या पिठासारखा."

ते म्हणाले, "हितपर्यंत येत व्हता." आणि पिशव्या उचलून चालू लागले. मी सवयीने त्यांच्या पावलांकडे पाहिले. रस्ता उताराचा होता, दोन्ही हातांत ओझे होते, आणि ते सरळ चालले होते.

हा लेख मासिकासाठी लिहिते आहे तेव्हा दिंडोरीला काढणी चालू आहे. परवा मावशीचा फोन आला होता. थॉम्पसनचे घड यंदा चांगले भरलेत म्हणाली. उन्हाळ्यात काकांनी दाखवला होता तसल्या डोळ्यांतूनच ते आले असणार. फोन ठेवल्यावर तात्या म्हणाले, "एवढी वरसं जातायसा, एकदा द्राक्षं असताना जाऊ की." भावाची दहावी आहे, तो घरी राहून अभ्यास करील. येत्या रविवारी आम्ही तिघे जाणार आहोत. 2023 पासून एस. टी.त बायकांना अर्धे तिकीट आहे, त्यामुळे आईचे अर्धे आणि माझे अर्धे. तात्यांचे तेवढे पूर्ण. आईने ते पैसे आधीच वेगळे काढून ठेवले आहेत.

— द्वितीय वर्ष, कला