रोह्याचं घर, पेणचं आजोळ

आजोबांनी आपल्या दोन्ही मुलांना पेणच्या एकाच घरातल्या मुली केल्या, त्यामुळे आम्हा चुलत भावंडांचं आजोळही एकच. मे महिना पेणला, गणपती-दिवाळी रोह्याला. पेणच्या माळ्यावर पापड-पोह्यांचे डबे असायचे आणि आजी झोपली की आम्ही शिडी लावायचो. रोह्याच्या माजघरात बसणारा गणपती पेणहूनच यायचा. मामाचा निरोप ठरलेला असे, “देवळीची उंची मोजून कळवा.” १९८६ साली आगगाडी रोह्यापर्यंत आली, तोवर मूर्ती एसटीत मांडीवर घेऊन यावी लागे. ती मांडी कोणाची, यावरून आमची भांडणं होत.

पेणचं घर आता नाही. वाटण्या झाल्या, जागा बिल्डरकडे गेली. त्या दिवशी आम्हा सगळ्यांच्या मनात एकच आलं, की रोह्याचं घर असं जाऊ द्यायचं नाही.

पण राखायचं म्हणजे काय? पेण तालुक्यात गागोद्याला विनोबांचं जन्मघर आहे, तिथे माणसं नमस्कार करायला जातात. रोह्यात पांडुरंगशास्त्री आठवले जन्मले, चिंतामणराव देशमुखांचं बालपणही इथलंच. थोरांची घरं स्मारक म्हणून जपता येतात. आमच्या घरात मात्र काकूला राहायचं होतं. तिचे गुडघे गेलेले, आणि संडास परसाच्या टोकाला.

शिवाय हे घर कधीच एका जागी थांबलेलं नव्हतं. पणजोबांच्या वेळी त्यावर नळीची कौलं होती. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला कारखाना काढला, पुढे ती चपटी कौलं गलबतांतून कोकणच्या बंदरांत उतरू लागली आणि आजोबांनी ती चढवली. वडिलांनी शेणाच्या जमिनीवर शहाबादी फरशी घातली. प्रत्येक पिढीने घर आपल्यापुरतं वाढवलं, पण ओटी, माजघर, परस हा क्रम कोणी मोडला नाही. घराचा स्वभाव त्या क्रमात आहे, असं माझं ठाम मत आहे. कोनाड्यात पितळी समई ठेवून तो येत नाही.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूने आत शिरलं आणि रोह्यापर्यंत छपरं उडाली. आमचं अर्धं पाखं उघडं पडलं. गावात निळे-लाल पत्रे चढू लागले, त्यात स्वस्ताई होती आणि निकडही. आम्ही पाडलेल्या घरांची कौलं गोळा केली, वासे बदलले, आणि या निमित्ताने मोठंच काम काढलं.

ओटीच्या कोपऱ्यातल्या खांबाचा बुंधा कुजला होता. मिस्त्री म्हणाले, “वरचं लाकूड खणखणीत आहे, पायच बदलू.” तुळईला खालून टेकू देऊन त्यांनी हातभर बुंधा कापला. पडलेल्या गोठ्याच्या जुन्या सागाचा तुकडा घेतला, दोन्ही तोंडं तिरकी तासली, एकात एक बसवून लाकडी खुंट्या ठोकल्या. लोखंडी खिळा एकही नाही. खाली पुन्हा दगडी तळखडा, म्हणजे ओल वर चढायला नको. तो जोड आजही दिसतो आणि तो दिसतो हेच मला आवडतं.

मागे कधीतरी भिंतींना सिमेंटचा गिलावा झाला होता. तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडणाऱ्या मुलखात विटा-मातीच्या भिंतीला तो मारक ठरतो. आत शिरलेली ओल बाहेर पडत नाही आणि भिंत आतून भुसभुशीत होते. तो सगळा खरवडून चुन्याचा गिलावा केला. भिंती सुकायला वेळ लागला, पण माजघरातला कुबट वास गेला.

नवं बांधकाम परसात, गोठ्याच्या जागी. काकूची खोली, स्वयंपाकघर, न्हाणी आणि संडास. त्याला स्वतःचा पाया, स्वतःचे खांब. जुन्या भिंतीवर एक वीटही टेकवलेली नाही. दोन्हींच्या मध्ये फट ठेवली, कारण जुनं आणि नवं बांधकाम सारखं खचत नाही. नवं छप्पर जुन्या आढ्यापेक्षा खाली, म्हणून रस्त्यावरून घर पूर्वीसारखंच दिसतं. माजघराची भिंत पाडून मोठा हॉल करावा अशी एक सूचना होती. त्या भिंतीवर माळ्याचा भार आहे आणि तिच्यातच गणपतीची देवळी आहे. आम्ही सगळ्यांनी एकमुखाने नाही म्हटलं. काकू आता रात्री कोणाला न उठवता न्हाणीपर्यंत जाते, आणि पेणचा गणपती त्याच देवळीत, त्याच मापाचा बसतो.

पेण-रोह्याकडे ज्यांची अशी घरं कुलूप लावून पडली आहेत, त्यांना एवढंच सांगणं आहे. नूतनीकरण होईल तेव्हा होईल, पण यंदा मे महिन्यात माणूस लावून कौलं तेवढी परतून घ्या. एक फुटकं कौल राहिलं की वासा कुजतो, वाशामागून आढं जातं, आणि मग दुरुस्त करायला घरच उरत नाही.