कान नव्हे बापू, जबडा

चि. बापू,


"आक्के, कानात कट्कट वाजतंय, तिकडं कानाचा डॉक्टर बघून ठेव," असं फोनवर म्हणालास, तेव्हाही तोंडात खर्र्याची गोळी होतीच. मला काय कळत नाही?

कानाला काही झालेलं नाही. कानाच्या पुढं बोट ठेव आणि तोंड उघड-मीट कर. हलतोय तो जबड्याचा सांधा. त्यात कुर्चेची चकती असते. दिवसभर चघळून स्नायू आखडले, चकती जागची सरकली, की असा आवाज येतो. येमेनात लोक दुपारभर गालात ‘खात’ नावाची पानं धरून बसतात. तिथल्या डॉक्टरांनाही असे जबडे दिसलेत.

साखऱ्यात होतास तोवर नुसती तंबाखू मळून ओठात धरायचास. तेही वाईटच. पण रिसोडला येणं-जाणं वाढलं आणि खर्रा लागला. पन्नीत घासलेली ती सुपारी चावावी लागते ना! आपले आबा अडकित्त्यानं कातरून जेवणानंतर एक खांड घ्यायचे, म्हणून तुला ती निरुपद्रवी वाटते. आपल्याकडं सुपारीला वाईट म्हणायची सोयच नाही. पाटावर गणपती म्हणून तीच, लग्न ठरलं की फोडायची तीच. तंबाखूच्या पुडीवर कॅन्सरचं चित्र आणि हिला हळदकुंकू! २००४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं सांगितलं, की तंबाखू नसली तरी नुसत्या सुपारीनंही कॅन्सर होतो. राज्यानं २०१२ साली गुटखा बंद केला, तर टपरीवाले खर्रा घासत बसले.

सांध्याचं एक वेळ शेकून, चघळणं थांबवून निभावेल. मला घोर आहे तो गालाचा. सुपारीतल्या अरेकोलीननं गालाच्या आत तंतू साठतात, गाल चामड्यासारखा ताठ होतो आणि तोंड उघडेनासं होतं. सुपारी सोडली तरी तो पहिल्यासारखा मऊ होत नाही. म्हणून सोडायचं ते आत्ताच.

तू ठेचा सोडलास, भाकरी दुधात कुस्करून खातोस, असं घरातून कळलं. तिखट झोंबतंय का? माझ्यापासून लपवू नकोस. तुझीच तीन बोटं उभी धरून पुढच्या दातांत घालून बघ. जात नसतील तर थांबू नकोस, निघून ये. संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात मी सोबत येते. आणि खिशात पन्नी घेऊन आलास तर दारातूनच परत पाठवीन.

तुझी,
आक्का