धोंड्याखालची साक्ष

डीओची, म्हणजे पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजायची, बाटली भरायची एक रीत आहे. आत बुडबुडा राहता कामा नये. पाणी तळापासून चढू द्यायचं, काठावरून थोडं वाहू द्यायचं, मग काचेचं बूच तिरकं सरकवायचं. त्यानंतर मँगनीज सल्फेट आणि अल्कलाइन आयोडाइड. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका बसतो. मुळीच नसेल तर तो पांढराच राहतो. विंकलर या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञाची ही 1888 सालची पद्धत. प्रोब आले तरी एमएस्सीच्या मुलांना मी आधी हीच शिकवते. टायट्रेशनमध्ये निळा रंग ज्या थेंबाला जातो, तो थेंब हाताला कळायला हवा.

पण बाटलीला फक्त तेवढाच क्षण ठाऊक. पुण्यात मुठेचं संथ, हिरवट पाणी भर दुपारी तपासलं तर आकडा झकास येऊ शकतो, कारण शैवाल उन्हात प्राणवायू सोडत असतं. अंधार पडला की तेच शैवाल आणि गाळातले जिवाणू तो खात बसतात. पहाटे, उजाडायच्या आधी, पाणी सगळ्यात रितं असतं. आणि आपले नमुने? अकरा ते चार. गाडी आणि ड्रायव्हर तेव्हाच मिळतात!

म्हणून माझा भरवसा धोंड्यांवर जास्त. धरणांच्या वर, आंबी किंवा मोसेच्या खळाळात जाळी धरायची, तिच्या वरच्या अंगाला पायानं तळ ढवळायचा आणि जे येईल ते पांढऱ्या ट्रेमध्ये ओतायचं. मेफ्लायची पिल्लं लगेच ओळखू येतात: शेपटीला बहुधा तीन धागे, पोटाच्या दोन्ही अंगांना हलणारे कल्ले. पंख फुटल्यावर ती जेमतेम दिवस-दोन दिवस जगतात, त्याआधीचे आठवडे, महिने पाण्यातच काढतात. मधली एक रात्र जरी फार वाईट गेली असती तरी ती इथं दिसली नसती. शहराच्या खालच्या अंगाला त्यांच्या जागी कायरोनॉमसच्या लाल अळ्या मिळतात. तो लाल रंग हिमोग्लोबिनचा. कमी प्राणवायूतही त्या तग धरतात. पुणे विद्यापीठातल्या तोणपी सरांचं गोड्या पाण्यातल्या प्राण्यांवरचं 1980 सालचं पुस्तक आजही आमच्या टेबलावर असतं, बाइंडिंग दोनदा करून.

पाणी व्यवस्थापनाच्या बैठकांत हे किडे येत नाहीत. तिथं खडकवासला साखळीतल्या चार धरणांचे सुमारे 29 टीएमसी, आवर्तन, विसर्ग, क्युसेक. हिशेब चोख असतो, तक्रार त्याबद्दल नाही. नदीत बारमाही थोडं पाणी सोडा अशी मागणी आता होते, ती रास्तच. पण पाणी किती सोडलं याइतकंच ते किती वेळात चढवलं आणि उतरवलं हेही महत्त्वाचं. हळू चढलं तर किडे गोट्यांच्या फटीत शिरतात; एकदम आलं तर वाहून जातात, एकदम बंद झालं तर उघड्यावर वाळतात. दरवाजे टप्प्याटप्प्यानं हलवायला वेगळं पाणी लागत नाही, वेळापत्रक लागतं. काठावरच्या माणसांसाठी आपण भोंगा वाजवतोच.

नदीचा डीओ अमुक इतका, अशी बातमी वाचलीत तर एवढं जरूर विचारा: नमुना किती वाजता घेतला होता?