चार कोकरं आणि दोन मिनिटं

तर झालं असं, की गेल्या जुलैतल्या एका रविवारी मी हातात वही-पेन्सिल घेऊन चार कोकरांच्या मागच्या बाजूकडे पंधरा मिनिटं टक लावून बघत उभा होतो. हसू नका. मार्क मिळणार होते.

सध्या मुक्काम अमेरिकेत, आयोवातल्या डी मॉइनला. इथे दर ऑगस्टमध्ये आयोवा स्टेट फेअर भरतो. १८५४ पासूनची जत्रा. बायको आणि मी पहिल्या वर्षी गेलो ते फक्त लोण्याची गाय बघायला (खरंच असते, अख्खी गाय, लोण्याची). पण टीममधल्या एका सहकाऱ्याचं शहराबाहेर शेत आहे, आणि त्याची तेरा वर्षांची मुलगी 'फोर-एच'मध्ये आहे. फोर-एच म्हणजे शाळकरी पोरांची संघटना, जनावरं पाळण्यापासून शिवणकामापर्यंत सगळं करतात. ही पोरगी जत्रेत स्वतःचं कोकरू दाखवणार होतीच, शिवाय परीक्षणाच्या स्पर्धेचा सरावही करत होती. "तूपण बस," म्हणाली. बसलो.

स्पर्धा अशी. चार कोकरं, नंबर एक ते चार. पंधरा मिनिटांत क्रम लावायचा. अनुभवी परीक्षकाचा क्रम हे बरोबर उत्तर.

माझं आजोळ जत तालुक्यातलं, त्यामुळे मेंढरांतलं मला कळतं असा माझा समज होता. आमच्याकडच्या माडग्याळ मेंढीचं सगळं सौंदर्य नाकात, पोपटासारखं बाकदार. २०२० मध्ये आटपाडीच्या बाजारात अशाच एका मेंढ्याला ७० लाखांची मागणी आली आणि मालकाने दिला नाही, ही बातमी आठवत असेल. तर मी आधी नाकं बघायला गेलो. पोरगी म्हणाली, "नाक कोण खातं?"

मुद्दा बिनतोड होता. हा मटणाच्या कोकरांचा वर्ग. अंगावरची लोकर अगदी बारीक कातरलेली, म्हणजे लपवायला जागा नाही. मागून बघायचं: मांड्या आतून-बाहेरून भरलेल्या आहेत का, पाय लांब अंतरावर टेकतात का. बाजूने बघायचं: पाठ सरळ, शेपटीपर्यंत उतार न पडता जाते का. आणि सगळ्यात महत्त्वाची शेवटची फासळी ते कंबरेचं हाड यांमधली जागा. ती लांब आणि रुंद हवी, कारण सगळ्यात महागडं मांस तिथलं.

मग हात लावायचा. फासळ्यांवर सपाट बोटं फिरवायची. हाताची मूठ करा आणि पेरांची हाडं चाचपा, कोकरू तसं लागलं तर फार हडकुळं. तळहातासारखं मऊ लागलं तर चरबी जास्त. बोटं सरळ ठेवून हाताची पाठ जशी लागते, तसं हवं. चरबीचा थर साधारण चार ते सहा मिलिमीटर. मी आमच्या टीममधल्या कुणाला एवढं बारकाईने कधी तपासलं नव्हतं, हे तेव्हाच मनात येऊन गेलं.

माझा क्रम ३-२-४-१. बरोबर उत्तर २-४-१-३. तीन नंबर सगळ्यात थोराड होता, मी भुललो. ती नुसती चरबी निघाली.

आता मार्कांची गंमत ऐका, प्रोग्रॅमर मंडळींना आवडेल. परीक्षक शेजारच्या जोड्यांमधला फरकही ठरवून देतो. त्या दिवशी २, ५ आणि ३ होता. चार कोकरांच्या सहा जोड्या. जी जोडी उलटी लावली, तिच्यामधले सगळे फरक कापायचे. माझ्या तीन जोड्या उलट्या: १० गेले, ८ गेले, ३ गेले. ५० पैकी २९. जवळच्या दोघांत गोंधळ केला तर थोडेच मार्क जातात, पण शेवटच्याला डोक्यावर बसवला की मेलात. आमच्या ऑफिसातल्या कुठल्याही रेटिंगपेक्षा ही पद्धत शहाणी आहे.

पण खरी गोष्ट यानंतर. क्रम लावून भागत नाही, दोन मिनिटं उभं राहून कारणं सांगावी लागतात. पोरीने हात मागे बांधले आणि घडाघडा सुरू झाली. दोनला चारच्या वर का, चारला एकच्या वर का. आणि प्रत्येक वेळी खालच्याचं जे चांगलं ते कबूल करायचं. "तीन नंबर शेवटी. मान्य करते, तो चौघांत सगळ्यात वजनदार आहे आणि चालतोही मोकळा, पण..." हे 'मान्य करते' नसेल तर मार्क कापतात म्हणे.

गेल्या वर्षी मी पहिल्यांदा लीड झालो. चार जण हाताखाली, आणि वरून आदेश, एकाला तळाला टाका. टाकला. तो माझा मित्रच होता. फोनवर त्याने विचारलं, "नेमकं काय कमी पडलं?" मी म्हणालो, "ओव्हरऑल रे." सात मिनिटांत कॉल संपला. दोन महिन्यांनी त्याने राजीनामा दिला. आता दिवाळीचा फॉरवर्ड येतो, तेवढंच.

ऑगस्टमध्ये जत्रेत गेलो. पोरीने कोकराचं डोकं दोन्ही हातांत धरलेलं, गुडघा त्याच्या छातीला लावलेला. कोकरू उलटा जोर लावतं आणि स्नायू ताठ होतात. परीक्षकाने पाठीवरून, कंबरेवरून हात फिरवला, पुढे गेला. तिसरा नंबर. मग माइकवर कारण: अंग घट्ट आहे, दाखवलंयही छान, पण कंबर पहिल्या दोघांपेक्षा आखूड. तिने मान डोलावली. रडली ती नंतर, ट्रकजवळ. नंबरासाठी नाही. मटणाचं कोकरू, शेवटी जातं ते खाटकाकडेच.

घरी येऊन मित्राला लांबलचक मेसेज लिहिला. आधी मान्य करतो असं सगळं, रात्रीच्या सपोर्टच्या त्याच्या स्क्रिप्ट्स, नव्या पोरांना शिकवणं. मग 'पण' आणि दोन खरी कारणं. तिसरं सापडलं नाही.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: "हे तेव्हा सांगायला काय झालं होतं रे?"