नेम नंतर, आधी बोट बाहेर!

कोल्हापूरचा वीकेंड म्हटलं की प्लॅन ठरलेला असतो. सकाळी अंबाबाई, दुपारी तांबडा-पांढरा, संध्याकाळी रंकाळ्यावर भेळ आणि परतताना डिकीत चपलांचे चार जोड. या वेळी मात्र आम्ही तिघी मैत्रिणींनी वेगळाच बेत केला. म्हटलं, ज्या मातीतून एवढे नेमबाज निघाले, तिथे एकदा पिस्तूल हातात धरून बघूच!

नावं आठवून बघा. तेजस्विनी सावंत 2010 मध्ये म्युनिकला 50 मीटर रायफल प्रोनची वर्ल्ड चॅम्पियन झाली. राही सरनोबतने 2018 च्या एशियन गेम्समध्ये 25 मीटर पिस्तूलचं गोल्ड जिंकलं. या स्पर्धेत गोल्ड मिळवणारी ती पहिली भारतीय महिला नेमबाज. आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे 2024 मध्ये पॅरिस ऑलिम्पिकहून ब्राँझ घेऊन आला. तालमींच्या या गावात नेमबाजीचा विषय काढा, रिक्षावाले काकासुद्धा स्कोअर सांगतील!

पहिला तास कोरडाच

आम्ही गेलो एका छोट्या क्लबमध्ये, रविवारी सकाळी आठला. डोक्यात सगळे फिल्मी सीन. काळा गॉगल, दोन्ही हातांत घोडा आणि धाड धाड! प्रत्यक्षात सरांनी आधी आमचे मोबाईल बाजूला ठेवायला लावले आणि पहिला तासभर एकही छर्रा दिला नाही.

तासभर काय केलं? चार नियम घोकले. प्रत्येक पिस्तूल भरलेलंच आहे असं समजायचं, आत्ता स्वतः रिकामं केलेलं असलं तरी. नळीचं तोंड कायम टार्गेटकडे. मारायचं नक्की होईपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर, सरळ. आणि टार्गेटच्या मागे काय आहे, हे माहीत हवं.

मग सेफ्टी फ्लॅग. नाव फ्लॅग, पण एअर पिस्तूलसाठी तो म्हणजे नळीतून आरपार ओवलेली भडक रंगाची दोरी. ती दिसली की लांबूनही कळतं, आत छर्रा नाही. शेवटी कमांड्स : लोड, स्टार्ट, स्टॉप, अनलोड. ‘स्टॉप’ कानावर पडलं की जगबुडी आली तरी बोट बाहेर. कुणी टार्गेट बदलायला पुढे गेलं असेल, तर मागे कुणी पिस्तुलाला हातही लावायचा नाही.

...आणि मी वळले

एकदाची लोडची परवानगी मिळाली. दहा मीटरवर कागदाचं टार्गेट, त्यात ‘दहा’चं वर्तुळ जेमतेम 11.5 मिलिमीटरचं, शर्टाच्या बटणाएवढं. पिस्तूल एका हातात, दुसरा हात खिशात. पहिला छर्रा पांढऱ्यात गेला. दुसरा थेट काळ्यात, आठ! मी आनंदाने मैत्रिणीकडे वळले, “बघितलंस?”

पिस्तूल हातातच होतं.

सरांनी माझं मनगट धरून पुन्हा टार्गेटकडे केलं आणि ‘स्टॉप’ ओरडले. सगळ्या लेनवरची पिस्तुलं खाली. रेंजवर चिडीचूप. मी पुटपुटले, “सर, रिकामं होतं.”

“ताई, जिथं जिथं अपघात झाला, तिथं माणसं हेच वाक्य बोलत्यात,” सर शांतपणे म्हणाले.

शेजारच्या लेनवरची बारा-तेरा वर्षांची मुलगी मला धीर देत म्हणाली, “मी पण पहिल्या दिवशी असाच वळलो होतो की!” हसू आलं, पण हात थरथरत होता. मला आमचा गावचा वाडा आठवत होता. आजोबांची दुनळी बंदूक निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा व्हायची. एरवी ती माजघरात खुंटीवर असायची. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही भावंडं ती काढून एकमेकांवर रोखायचो. “रिकामी आहे गं!” हे वाक्य तेव्हाही कुणीतरी म्हणायचंच.

दुसऱ्या राउंडला मी शहाणी झाले होते. नजर टार्गेटवर नाही, तर पिस्तुलाच्या पुढच्या साइटवर. टार्गेट धूसर दिसलं तरी चालतं. श्वास सोडायचा, थांबायचं, ट्रिगर हळूहळू दाबत न्यायचा. मन जमलं नाही, तर हात खाली घेऊन पुन्हा सुरुवात. ऑफिसच्या डेडलाइनमध्ये हा फंडा कुणी शिकवत नाही! शेवटी एक नऊ लागला. या वेळी मी आधी पिस्तूल टेबलावर ठेवलं आणि मगच नाचले.

संध्याकाळी रंकाळ्यावरून चुलतभावाला फोन लावला. आजोबा गेल्यावर बंदूक रीतसर परवान्यासह काकांकडे गेली आहे. भावाचा मुलगा सहा वर्षांचा.
“दादा, बंदूक कुठे असते?”
“कपाटावर. का गं?”
“कुलूप? आणि काडतुसं?”
पलीकडे जरा शांतता. मग म्हणाला, “आजच बघतो.”

जाणार असाल तर...

* सपाट तळाचे बूट घाला. हिल्स नकोत.
* रेंजवर खाणंपिणं नाही. छर्रे शिशाचे असतात, निघताना हात साबणाने धुवा.
* .22 पिस्तूलच्या रेंजवर कानांना मफ आणि डोळ्यांना गॉगल हवाच.
* पिस्तूल अडकलं तर नळी टार्गेटकडेच ठेवून मोकळा हात वर करा. स्वतः उघडून बघू नका.
* 4.5 मिमी आणि 20 ज्यूलपर्यंतच्या एअर पिस्तूलला परवाना लागत नाही. पण शस्त्र परवान्यासाठी अर्ज करायचा असेल, तर 2016 च्या आर्म्स रूल्सप्रमाणे सेफ्टी ट्रेनिंगचं सर्टिफिकेट जोडावं लागतं.
* पहिल्याच मिनिटाला पिस्तूल हातात देणारा क्लब दिसला, तर सरळ मिसळ खायला जा!