पायाला बांधलेली चिठ्ठी

पीएच.डी.ला नाव नोंदवलं तेव्हा मला जंगलात जायची घाई होती. पहिले चार महिने मात्र संग्रहालयाच्या मागच्या खोलीत, डांबरगोळ्यांच्या वासात गेले. लाकडी खणांमध्ये कापूस भरलेले पक्षी उताणे मांडलेले. प्रत्येकाच्या पायाला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली: कुठे मिळाला, कधी, नर की मादी, कोणी गोळा केला. पंख आणि चोच मोजायची, चिठ्ठीवरचं वहीत उतरवायचं, एवढंच काम.

एका चिठ्ठीवरचं गाव पुसट झालं होतं. त्या खणातल्या बाकी सगळ्या पक्ष्यांचं गाव एकच होतं, म्हणून मी तेच लिहून टाकलं. मार्गदर्शक बाईंनी वही तपासताना विचारलं, "हे तुला दिसलं, की वाटलं?"

मी गप्प. त्यांनी ती ओळ खोडली.

रात्री अब्बांना फोनवर हे सांगितलं. ते म्हणाले, "बेटा, हदीसही अशीच तपासतात. मजकूर कितीही आवडो, कोणी कोणाकडून ऐकलं ती सनद तुटलेली असेल, तर ती हदीस जईफ ठरते."

तेव्हापासून त्या चिठ्ठ्यांकडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागले. ब्रिटनमध्ये छंद म्हणून लोकांनी बहिरी ससाण्याची अंडी जमवली होती, त्यावर तारखा लिहिल्या होत्या. डेरेक रॅटक्लिफ यांनी जुनी-नवी कवचं ताडून पाहिली आणि 1967 साली दाखवून दिलं की 1940च्या दशकाच्या अखेरीपासून ती पातळ झाली आहेत. पुढे त्याचं कारण डीडीटी असल्याचं सिद्ध झालं. तारखा अंदाजाने टाकलेल्या असत्या, तर हे कळलंच नसतं.

सलीम अलींचं नाव आपण अभिमानाने घेतो. त्यांच्याकडे विद्यापीठाची पदवी नव्हती. बर्लिनच्या संग्रहालयात एर्विन स्ट्रेसेमान यांच्या हाताखाली, असेच पक्ष्यांचे नमुने तपासत ते शिकले. 1930 साली परतले तेव्हा मुंबईच्या संग्रहालयातली त्यांची जागा पैशांअभावी रद्द झाली होती. मग ते किहीमला राहिले आणि तिथे त्यांनी सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास केला.

ती वही अजून माझ्याकडे आहे. नवीन विद्यार्थी आला की खण उघडण्याआधी मी त्याला ती खोडलेली ओळ दाखवते.