लंकेचा कोणता किनारा?

सिंहलद्वीप, म्हणजे आजची श्रीलंका, रामायणामुळें आपल्या घरांतील मुलाबाळांसही नांवानें परिचित आहे. सहकुटुंब समुद्रापलीकडे जावयाचें मनांत आलें कीं पुष्कळ गृहस्थांस प्रथम तिचेंच स्मरण होतें, आणि मुंबईहून कोलंबोस विमानानें सुमारें अडीच तासांत पोंचतां येतें. परंतु "कोठें उतरावें?" ह्या प्रश्नाआधीं "कोणत्या महिन्यांत?" हा प्रश्न यावयास पाहिजे, तो क्वचितच कोणी विचारतो. अलीकडे चित्रें पाहून जागा ठरविण्याचा प्रघात पडला आहे. आणि चित्रांतील समुद्र बाराही महिने निळाच असतो!

ह्या बेटास पावसाळे दोन. साधारणतः मे ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा वारा कोलंबो, बेंटोटा, हिक्कडुवा, गॉल ह्या बाजूवर आदळतो. बेटाच्या मध्यभागीं उंच पर्वत आहेत. त्यांतील पिदुरुतलागल हें शिखर २,५२४ मीटर उंच आहे. वाऱ्यांतील बहुतेक पाणी अलीकडील उतारावरच पडून जातें व पलीकडचा त्रिंकोमालीचा किनारा कोरडा राहतो. कोंकण आणि देश ह्यांतील भेद ज्यानें पाहिला आहे त्यास हें निराळें समजावून सांगावयास नको. पुढें डिसेंबरच्या सुमारास ईशान्येचा वारा सुरू झाला म्हणजे हाच प्रकार उलट्या बाजूनें घडतो.

आतां आमच्या शाळांची मोठी सुटी येते ती एप्रिल-मे महिन्यांत. म्हणजे गॉलकडील समुद्र बिघडूं लागण्याच्याच वेळीं. त्या दिवसांत तिकडील हॉटेलांचे दर उतरतात, आणि स्वस्ताईस भुलून मंडळी नेमकी तेथेंच जातात. पाऊस पडला तर फार झालें तर सुटी फुकट जाईल. खरें भय पाण्याचें आहे. फुटलेल्या लाटांचें पाणी समुद्राकडे परततांना त्याचा एक अरुंद, वेगवान ओघ होतो, आणि तो पट्टीच्या पोहणाऱ्यासही आंत ओढून नेतो. त्यांत सांपडल्यास किनाऱ्याच्या दिशेनें झगडूं नये. किनाऱ्याशीं समांतर पोहत ओघाबाहेर पडावें आणि मग परतावें. तांबडें निशाण लावलेलें असेल तर मुलांस पाण्यांत जाऊंच देऊं नये, मग तीं कितीही रुसोत.

म्हणून मे महिन्यांत जाणाऱ्यानें त्रिंकोमालीच गांठावी असें माझें स्पष्ट मत आहे. कोलंबोहून ती अडीचशेंहून अधिक किलोमीटर दूर आहे. पण वाटेंत थोडी वांकडी वाट केल्यास सिगिरियाचा दुर्ग पाहून होतो. निलावेली आणि उप्पुवेली येथील पुळणी विस्तीर्ण असून ह्या ऋतूंत पाणी बहुधा शांत असतें. ऊन कडक खरें, पण आपणांस त्याची नवलाई ती काय? नगरांत समुद्रावर तुटलेल्या कड्यावर कोणेश्वराचें शिवालय आहे. प्राचीन मंदिर सतराव्या शतकांत पोर्तुगीजांनीं पाडलें व त्याचे दगड किल्ल्याच्या कामीं लावले. आजचें मंदिर विसाव्या शतकांतील आहे, आणि तेथें जावयाचें तें त्याच किल्ल्याच्या दरवाजांतून! जवळच कन्निया येथें उष्णोदकाचीं सात कुंडें आहेत. मातेच्या उत्तरक्रियेसाठीं तीं रावणानें निर्माण केलीं अशी लोककथा आहे. २००९ पर्यंत यादवी युद्धामुळें ह्या बाजूस प्रवासी फारसे फिरकत नसत.

नाताळांत जाणाऱ्यानें मात्र गॉलकडे वळावें. पोर्तुगीजांपासून डचांनीं १६४० मध्यें घेतलेलें तें ठाणें तटांवरून सावकाश फिरून पाहण्याजोगें आहे. २६ डिसेंबर २००४ च्या प्रलयकारी लाटेनें बाहेरील नगराची दुर्दशा केली, परंतु ह्या जुन्या तटांनीं आंतील वस्ती बव्हंशीं राखली. कोलंबोस एक दिवस पुरे. दिवाळीची सुटी मला ह्या प्रवासास पसंत नाहीं. ऑक्टोबर-नोव्हेंबरांत दोन्ही बाजूंस पाऊस असतो.

शाकाहारी मंडळींनीं एक लक्षांत ठेवावें. खोबऱ्याचें 'पोल सांबोल' दिसावयास आपल्या चटणीसारखें असलें तरी त्यांत पुष्कळदां सुक्या मासळीचा चुरा असतो. विचारल्याशिवाय पानांत घेऊं नये. वरण, भात, आप्पे आणि दुधाचा 'किरिबात' ह्यांवर सुखानें निर्वाह होतो. प्रत्येक पौर्णिमेस तेथें सार्वजनिक सुटी असून मद्यविक्री बंद असते. आपल्या मंडळींस त्याची अडचण वाटूं नये.